एक पोपटी साडी आणि नऊ रंग

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी १०.४०

पितृपक्षात रंग कोणी घेत नाही. सकाळपासून एकच गिऱ्हाईक. पाव लिटर काळा ऑइलपेंट, गेटच्या कडीला. वेळ सत्कारणी लावावा म्हणून आजपासून ही वही.

निश्चय: फोटो आणि व्हिडिओवरचे रंगसंस्कार या विषयात नवरात्रापर्यंत प्रभुत्व मिळवणे. पक्षात नवीन काही सुरू करू नये म्हणतात. पण मी सुरू करत नाहीये, पूर्ण करतोय. मोबाइलवर ४१ व्हिडिओ बघून झालेत. त्यातल्या १७ मध्ये चुका सापडल्या.

शिक्षक नाही, क्लास नाही, सर्टिफिकेट नाही. रंगाच्या दुकानात सव्वीस वर्षं, एवढंच. एडिटिंगवाले रंग फक्त बघतात. मी रंग अंगावर सांडून घेतलेला आहे.

काल शिळफाट्याला रिझवानच्या स्टुडिओत जाऊन आलो. लग्नाचे अल्बम करतो. त्याला विचारलं, नवरदेवाच्या फेट्याचा हा नेमका कुठला लाल? म्हणाला, मालोजीशेठ, लाल म्हणजे लाल. पंधरा वर्षं धंद्यात आहे म्हणे. कीव आली.

१७ सप्टेंबर, बुधवार. सायं. ६.१५

आज मोठी गोष्ट घडली. घडली म्हणजे मी घडवली.

आमच्या भिसेगावच्या महिला मंडळाची मीटिंग होती. प्राची (सौ.) सेक्रेटरी. मी फक्त हॉलची किल्ली द्यायला गेलो होतो. विषय: गावातल्या केबल चॅनेलची नवरात्र स्पर्धा. नऊ दिवस, नऊ रंग. ग्रुपमधल्या सगळ्यांनी त्या दिवशी त्या रंगाची साडी नेसून रोज एक फोटो पाठवायचा. दसऱ्याला मैदानावर मोठ्या स्क्रीनवर सगळं दाखवणार, बक्षीस वगैरे.

गेल्या वर्षी मंडळाच्या फोटोत दहाच जणी होत्या. अकरावी सोनुबाई. ती आमच्या आळीत सात घरी धुणीभांडी करते आणि मंडळाची पहिल्या दिवसापासूनची सभासद आहे. तिच्याकडे त्या त्या रंगाच्या साड्या नव्हत्या, म्हणून नऊही दिवस फोटो तिनेच काढला. पुढे त्यातला एक फ्रेम करून हॉलमध्ये लावला. ती फ्रेम पुसताना एकदा हसून म्हणाली होती, मी काडलाय म्हंजे मी हायच की ह्यात. प्राचीला ते अजून सलतंय. आज तिने सरळ सांगून टाकलं: यंदा नऊही दिवस अकराच्या अकरा जणी फोटोत असतील, नाहीतर मंडळ उतरणार नाही.

मग साड्यांची मोजदाद. राखाडी साडी तिघींकडे. मोरपंखी चौघींकडे. सोनुबाईकडे सणासुदीच्या एकूण दोन, त्यातली एक विटलेली. ती म्हणाली, माज्यापायी कशाला अडताय गं, मी काडते की फोटू. अध्यक्ष आनंदीबाई छताकडे बघत बसल्या.

तेव्हा मी उठलो.

म्हटलं, दोन वर्षांपूर्वी त्या फार्महाऊसवाल्या बिल्डरने भूमिपूजनाला सगळ्या बायकांना पोपटी साड्या वाटल्या होत्या. आहेत ना सगळ्यांकडे? होत्या. कोणी कधी नेसलीच नव्हती. म्हटलं, नऊ दिवस तीच नेसा. रंग मी बदलून देतो.

मग समजावून सांगितलं, की सिनेमावाले हिरव्या पडद्यापुढे माणसं उभी करतात आणि मागे परदेश लावतात. का? तर हिरवा रंग कॉम्प्युटरला सगळ्यात आधी सापडतो. आपल्याकडे पडद्याऐवजी साडी. एवढाच फरक.

प्राचीने माझ्याकडे बघितलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, या बघण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. म्हणाली, अहो, नक्की ना? सोनुबाई समोर बसलीय.

म्हटलं, शब्द.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पहिली चाचणी. हिरव्या मिरचीचा फोटो काढून लाल केला. हुबेहूब. पण मिरची एरवीही लाल होतेच, त्यामुळे निकाल निर्णायक धरता येत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार. दुपारी १२

सॉफ्टवेअरमध्ये गंभीर दोष आढळला. निळा आणि पिवळा समसमान मिसळले तर हिरवा व्हायला हवा. हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. हे लोक करडा दाखवतात. चार वेळा करून बघितलं. कंपनीला ईमेल केला, सोबत शेड कार्डाचा फोटो जोडला. बघू.

२१ सप्टेंबर, रविवार

जागा नक्की केली. देवळामागचा शेताचा बांध. मागे पोटरीला आलेलं भात, त्यामागे आंबा, त्यामागे डोंगर. तीन थर. सकाळी ७.१० ला ऊन डावीकडून ४० अंशात. पुट्टीच्या चार रिकाम्या पांढऱ्या गोण्या उसवून, एकत्र शिवून रिफ्लेक्टर केला. इतका बारकाईने विचार या तालुक्यात आजवर कोणी केला नसेल.

स्पर्धेचा फॉर्म आला. प्राची वाचत होती. वाचून झाल्यावर मला काहीतरी सांगणार होती, पण मी रिफ्लेक्टर शिवत होतो. उद्या विचारतो.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना. रंग: पांढरा

सकाळी ७.१०. अकराही हजर, पोपटी साडीत. उजेड उत्तम. रिफ्लेक्टर उचलल्यावर पुट्टी उडाली, चौघींना शिंका. उद्या गोण्या झटकणे.

दुपारी २.२५. पद्धत: चित्रातल्या हिरव्याचा रंग शोषून घ्यायचा आणि तो उजळवायचा. साड्या शुभ्र झाल्या. माझ्या बाजूने शंभर टक्के यश.

किरकोळ बाब: भातही पांढरं झालं. आंबाही. डोंगरही. सप्टेंबरात कर्जतला सगळंच हिरवं असतं, हे कॉम्प्युटरने सांगायला हवं होतं. फोटोत अकरा बायका बर्फात उभ्या आहेत. पायात स्लिपरा.

प्राचीने विचारलं, बांगड्या कुठायत? हातातला चुडाही हिरवाच, तोही गेला. म्हटलं, त्याला मी काय करणार.

३.१०. आनंदीबाईंचा फोन. म्हणाल्या, घटस्थापनेच्या दिवशी मला पांढरं नेसवलंत आणि चुडा उतरवलात, आणि आमचे अण्णा इथे ओट्यावर बसून चहा पितायत. त्यांना दाखवू का हा फोटो? म्हटलं, दाखवा, कलेला काय लपवायचं. त्यांनी दाखवला. अण्णा विचारतायत म्हणाल्या, की पक्ष तर काल संपला, मग माझं आता पुढच्या वर्षीच ना?

प्राची म्हणाली, फोटो पाठवायचं काम तुम्ही नका करू. आजचाही मीच पाठवते. बरं झालं. कलाकाराने टपाल बघू नये.

२३ सप्टेंबर, मंगळवार. लाल

दोष हेरला. मागचं हिरवं नडतंय. म्हणून आज हॉलमध्ये, भिंतीपुढे.

दुपारी १. भिंत पिस्ता आहे. मे महिन्यात मीच लावली, मंडळाला माझी भेट म्हणून. दोन हात. फिनिश अजून सुंदर आहे.

लाल केल्यावर साड्या आणि भिंत एक झाल्या. अकरा चेहरे हवेत. सोनुबाईने फोटो बघितला आणि विचारलं, भाऊ, आमी भितीतून डोकावतोय का? म्हटलं, याला मिनिमलिझम म्हणतात. म्हणाली, आसंल.

२४ सप्टेंबर, बुधवार. रॉयल ब्लू

आज शुद्ध तर्क. हिरवा म्हणजे निळा अधिक पिवळा. पिवळा काढा, निळा उरेल. सव्वीस वर्षांचा अनुभव खोटा कसा पडेल?

पिवळा काढला. साडीने दाद दिली नाही. मात्र सगळ्यांचं सोनं गेलं. मंगळसूत्रं सायकलच्या तारेसारखी दिसू लागली. आणि चेहऱ्यात इतका पिवळा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अकराही जणी तीन दिवस विहिरीत ठेवल्यासारख्या.

तोडगा: पूर्ण चित्रावर निळी झाक. संध्याकाळचा इफेक्ट. आता बायका निळ्या, भिंत निळी, दातही निळे. प्राचीला विचारलं, साडी निळी आहे की नाही? म्हणाली, आहे. विषय संपला.

कंपनीचं उत्तर नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार. पिवळा

सकाळी ९. निश्चय: यापुढे शॉर्टकट नाही. प्रत्येक साडीची कड माउसने हाताने कोरायची, म्हणजे रंग फक्त साडीतच बदलेल. कष्टाला पर्याय नाही.

दुपारी ३.४०. तीन साड्या झाल्या. निऱ्या कोणी शोधून काढल्या?

मधे एक गिऱ्हाईक आलं. दिवाळीला घर रंगवायचंय, मोतिया दाखवा म्हणालं. म्हटलं, थांबा, आनंदीबाईंचा पदर संपवतो. थांबलं नाही.

४.००. प्राची बाहेर पडली. अंगावर हळदीसारखी पिवळी साडी. ही मी आपल्या घरात कधी बघितलेली नाही. विचारलं तर म्हणाली, मास्तरीणबाईंची आहे. सोनुबाईला ठाऊक होतं त्यांच्या कपाटात पडून आहे ते. कुठे निघालीस विचारलं तर म्हणाली, देवळाच्या पायऱ्यांशी, सगळ्या जमतायत.

माझ्यासाठी नमुना म्हणून नेसली असणार. खरा पिवळा डोळ्यांपुढे असावा म्हणून. न सांगता केलं. जाण आहे तिला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. हिरवा

आज साडी मुळातच हिरवी. काहीच करायचं नव्हतं.

दुपारी २. पण काहीच न करणं मला अपमानास्पद वाटलं. नुसता फोटो तर कोणीही काढतं. म्हणून सिनेमॅटिक पद्धत वापरली. त्यात सावल्या निळसर करतात आणि कातडी नारिंगी. हल्ली सगळे मोठे सिनेमे असेच दिसतात.

साड्या निळसर झाल्या. कातडी नारिंगी झाली. हिरवं असं फोटोत काही उरलं नाही.

प्राची म्हणाली, अहो, आज तरी नुसतं बसायचं होतं. म्हटलं, कला बसू देत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार. राखाडी

सोपं. सगळा फोटो ब्लॅक अँड व्हाइट, फक्त लाल तेवढा राखला. कुंकू उठून दिसावं म्हणून. कुंकू राहिलं. ओठ राहिले. का कोण जाणे, नाकंही राहिली.

सोनुबाई म्हणाली, पडसं झालंय वाटतं समद्यांस्नी. पुट्टीनं.

गच्चीच्या दोरीवर आज संध्याकाळी सहा राखाडी साड्या वाळत होत्या. आमच्याकडे एकही नाही. विचारलं तर प्राची म्हणाली, धुऊन परत द्यायच्यात. कोणाच्या, कशाला, हे विचारलं नाही. बायकांच्या साड्यांच्या भानगडीत पुरुषाने पडू नये.

२८ सप्टेंबर, रविवार. केशरी

फोटो हे जुनं माध्यम झालं. आज व्हिडिओ. टाळी वाजली की साड्या पोपटीच्या केशरी व्हायच्या. बायकांनी एक फेर धरायचा. मी कोरलेल्या कडा त्यांच्यासोबत आपोआप फिरतील, असं ३३ व्या व्हिडिओत सांगितलेलं आहे.

दुपारी ४.३०. फिरतात. पण सावकाश. आनंदीबाई चार पावलं पुढे गेल्या, साडीचा केशरी मागेच राहिला. मग धावत आला आणि सोनुबाईच्या अंगावर बसला. शेवटी केशरी एकटाच फेर धरतो आहे आणि बायका बाजूला उभ्या आहेत.

५.२०. शिळफाट्याला जाऊन रिझवानला दाखवला. मत विचारायला नाही, त्याला शिकायला मिळावं म्हणून. त्याने दोनदा बघितला. दुसऱ्यांदा बघताना त्याचे खांदे हलत होते. म्हणाला, मालोजीशेठ, साडी हिरवी, चुडा हिरवा, शेत हिरवं, भिंत हिरवी. तुम्ही कॉम्प्युटरला हिरव्यात हिरवं शोधायला लावलंय. त्यापेक्षा बायकांनी एकमेकींच्या साड्या नेसल्या तर?

म्हटलं, रिझवान, तुला दृष्टी नाही. म्हणाला, बरोबर आहे शेठ, चहा घ्या. चहा चांगला होता.

२९ सप्टेंबर, सोमवार. मोरपंखी. दुपारी १२.३०

आजची तारीख लक्षात ठेवावी.

आज पहिल्यांदा चॅनेलच्या पानावर आपल्या मंडळाचे फोटो उघडले. कौतुक मोजायची सवय नको म्हणून इतके दिवस टाळलं होतं. उघडले आणि खुर्चीत टेकलो.

अप्रतिम. सातही दिवसांचे. पांढरा पांढराच. निळा निळाच. चेहरे माणसांसारखे, सोनं सोन्यासारखं, चुडा हिरवागार. सोनुबाई पुढच्या रांगेत, मधोमध, मोठ्याने हसतेय. खाली दोनशेच्या वर अभिप्राय.

हे सगळं मी केलं?

शांतपणे विचार केला. फाइल चढवताना चॅनेलचा कॉम्प्युटर ती लहान करतो. त्यात रंग मुरले असणार. डिस्टेंपरसुद्धा ओला असताना वेगळा दिसतो, वाळल्यावर खरा कळतो. तसंच. मागचं शेत जाऊन तिथे देवळाच्या पायऱ्या आल्यात आणि आनंदीबाई डावीकडून उजवीकडे गेल्यात. हे कसं झालं ते पुढे तपासावं लागेल. तूर्त तक्रार नाही.

दुपारी ४. दुकानावर बोर्ड लावला. स्वतःच्या हाताने, लाल अक्षरं, पांढरी कड: येथे फोटो व व्हिडिओतील साड्यांचे रंग बदलून मिळतील. नमुन्यादाखल नवरात्र स्पर्धेतील भिसेगाव महिला मंडळाचे फोटो पाहावेत. कामगिरी: मालोजी.

बोर्डाचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला. १४३ जणांनी बघितला. प्राचीने अजून बघितलेला नाही. तिला सरप्राइज.

३० सप्टेंबर, मंगळवार. गुलाबी

आज सहा मिनिटांत संपवलं. सगळा फोटो गुलाबी केला आणि दिला. बाकीचं मुरल्यावर होतं.

पुढील योजना: दिवाळीनंतर क्लास. रिझवानला पहिल्या बॅचला सवलत.

१ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी २

चॅनेलच्या ऑफिसातून प्राचीला फोन आला. खोपोलीच्या एका ग्रुपने तक्रार केली आहे. सोबत माझ्या बोर्डाचा फोटो. स्पर्धेत एडिटिंग केलेला एकही फोटो चालत नाही. फॉर्मवर ठळक अक्षरांत छापलंय म्हणे. उद्या मैदानावर निकालाच्या आधी निर्णय. मंडळ बाद होऊ शकतं.

मी म्हटलं, म्हणजे माझ्या कलेमुळे अन्याय.

प्राची खुर्ची ओढून समोर बसली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण मी तपशिलाला पक्का आहे.

माझा एकही फोटो कधी पाठवला गेला नाही. पहिल्या दिवसापासून. फॉर्ममधला तो नियम तिने रविवारीच वाचला होता. सांगणार होती, पण मी गोण्या शिवत होतो, आणि शिवताना गुणगुणत होतो. मग सोनुबाईनेच मार्ग काढला. सात घरी काम करते, कोणाच्या कपाटात काय पडून आहे ते तिला घरमालकिणीपेक्षा जास्त माहीत. राखाडी डॉक्टरीणबाईंकडे तीन. मोरपंखी शिक्षक सोसायटीत पाच, त्यातल्या दोन घडीसुद्धा न मोडलेल्या. सोनुबाईच म्हणाली, मागायला मी यीन, लाज कसली त्यात, सणाला मागतोय. रोज चार वाजता साड्या गोळा, देवळाच्या पायऱ्यांवर फोटो, फोन दगडाला टेकवून आणि दहा सेकंदांचं टायमर लावून. मग धुऊन परत.

विचारलं, मग सकाळी सात वाजता पोपटी साडीत माझ्यापुढे नऊ दिवस कशाला उभ्या राहिल्या?

म्हणाली, सोनुबाई म्हणाली, भाऊ यवढं करतात, तर जाऊ.

मग म्हणाली, त्या फोटोत ती पहिल्यांदा आहे. उद्या बाद झालं तर तुमच्या बोर्डामुळे होईल.

बोर्ड उतरवला. खिळे भिंतीतच राहिले.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. सायं. ७.४५

सकाळी मनात एक विचार आला होता, तोही प्रामाणिकपणे नोंदवतो. गप्प राहिलो तर लोक म्हणतील, मालोजीने असं काम केलं की एडिटिंग वाटलंच नाही, शेवटी नियमाने मारलं. नाव राहील. हा विचार साधारण अकरा मिनिटं टिकला. मग प्राची आपट्याची पानं निवडताना दिसली. मी पेनड्राइव्ह खिशात घातला.

मैदानावर संयोजकांनी तक्रार माइकवर वाचून दाखवली. अकराही जणी पुढच्या रांगेत. सोनुबाई मैदानाच्या फाटकाकडे बघत होती, आत्ताच निघावं की काय अशी. तांत्रिक परीक्षक म्हणून रिझवान होता. हे मला माहीत नव्हतं.

मी स्टेजवर जाऊन सांगितलं, हे फोटो मी केलेले नाहीत. माझे वेगळे आहेत, घ्या, तपासा. रिझवान म्हणाला, मागे लॅपटॉपवर बघतो. आनंदीबाई जागेवरून उठल्या आणि म्हणाल्या, तक्रार माइकवर झाली, आता निवाडाही माइकवर होऊ द्या. आम्ही काय चोरी केलीय का? अण्णांनी शिट्टी वाजवली. या वयात.

मग माझ्या फायली मोठ्या स्क्रीनवर लागल्या. बारा फूट बाय आठ फूट.

आधी बर्फ लागला. मग मागून कोणीतरी ओरडलं, स्वेटर घाला रं कोणीतरी. भिंतीतले चेहरे आले. निळे दात आले. लाल नाकं आली तेव्हा ढोलवाल्यांनी थाप दिली. प्रत्येक चित्राला रिझवान माइकवर विचारत होता, शेठ, हे तुमचंच ना? आणि मी हो म्हणत होतो. व्हिडिओ धरून नऊ वेळा. त्यात एकटा फिरणारा केशरी लोकांनी परत लावायला लावला, म्हणून दहा.

मग त्याने स्क्रीनवर एका बाजूला मंडळाचे फोटो लावले, एका बाजूला माझे. माइक हातात घेतला. म्हणाला, पंधरा वर्षांच्या अनुभवाने सांगतो, ज्या हाताने हे केलं, त्या हाताने ते होणं शक्यच नाही. मंडळ निर्दोष.

टाळ्या थांबेनात. आयुष्यात मला इतक्या टाळ्या कधी मिळाल्या नाहीत, आणि पुन्हा मिळणार नाहीत.

पहिलं बक्षीस मंडळाला.

ढाल घेऊन अकरा जणी स्टेजवर उभ्या राहिल्या. आज स्पर्धा संपली, म्हणून प्रत्येकीने आपल्याला आवडेल ते नेसलं होतं. अकरा साड्या, अकरा रंग, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. शेड कार्ड उलटंसुलटं फाडून चिकटवल्यासारखं. आनंदीबाईंनी ढाल सोनुबाईच्या हातात दिली. तिने ती घमेलं धरावं तशी कमरेवर धरली.

प्राचीने फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, फक्त बटण दाबा. दुसरं काही करू नका.

दाबलं.

फोटो चांगला आला. सगळ्या एकदम समोर बघतायत. सोनुबाईचे डोळे मिटलेत, पण हसण्यामुळे मिटलेत, ते चालतं. उजवीकडच्या दिव्यामुळे प्राचीचा पदर जरा गडद पडलाय, चार टक्के उजळला तर—

फोन तिने काढून घेतला.